गोल्फच्या नोकरीबद्दल खान्देशातून येणारे प्रश्न

मी गोल्फ क्लबांच्या व्यवस्थापनात नोकरी करतो. गाव चोपडा तालुक्यातलं, पदवी जळगावची, नोकरी आधी पुण्याला आणि मग बाहेर. लग्नसराईत गावी आलो की मांडवात जेवणाच्या पंगतीपासून आंदणाच्या भांड्यांपर्यंत कुठेही कोणीतरी गाठतंच. प्रश्न तेच असतात आणि मी दर वेळी उत्तर अर्धवट देतो, कारण तेवढ्यात वरात येते. म्हणून एकदाचं लिहून ठेवतोय. क्रम ज्या क्रमाने प्रश्न आठवले तोच.

तू तठे करस तरी काय?

हा थोरल्या मामांचा प्रश्न. मामांनी केळीच्या बागेत चाळीस वर्षं काढली आहेत, त्यांना थातुरमातुर उत्तर चालत नाही.

माझा दिवस पहाटे साडेचारला सुरू होतो. अंधारात माळी लोक ग्रीनवरचं, म्हणजे होलभोवतीच्या अगदी बारीक कापलेल्या गवतावरचं, दहिवर लांब लवचीक काठीने झाडतात. दहिवर तसंच राहिलं तर गवत कापणारं मशीन नीट चालत नाही आणि बुरशी धरायला निमित्त मिळतं. मग होल, म्हणजे चेंडू ज्यात घालायचा ते भोक, बदलायचे. बघणाऱ्याला वाटतं, होल म्हणजे कायमचा खड्डा. तसं नाही. त्याची जागा सारखी बदलावी लागते, नाहीतर भोवतालचं गवत पायांनी मरतं. वर दोन मुठी असलेलं लोखंडी नळकांडं असतं, ते फिरवत जमिनीत दाबायचं. मातीची गवतासकट एक गुंडी वर येते. ती कालच्या होलात बसवायची, तळहाताने सारखी करायची, वर तांब्याभर पाणी. नीट बसली तर कालचा होल कुठे होता ते दहा पावलांवरून सांगता येत नाही. वाईट बसली तर तिथे उंचवटा राहतो आणि दुपारी एखादा सदस्य त्यावरून चेंडू उडाला म्हणून माझ्या टेबलाशी येतो. नवा होल 108 मिलिमीटर व्यासाचा आणि आतलं भांडं वरच्या कडेपासून निदान एक इंच खाली. जगात सगळीकडे हेच माप.

एवढं ऐकून मामा म्हणाले, ‘म्हणजे गवतले पाणी देवाना पगार भेटस तुले?’

अर्धं बरोबर आहे. उरलेलं अर्धं माणसांचं. सकाळी दर आठ-दहा मिनिटांनी चौघांचा एक गट सोडायचा असतो. अठरा होलच्या एका फेरीला चार-साडेचार तास लागतात. भुसावळला एक गाडी आउटरला उभी राहिली की मागच्या चार गाड्या वरणगावपर्यंत तुंबतात, तसंच इथे होतं. सातच्या गटाने चेंडू शोधण्यात दहा मिनिटं घालवली तर दहाच्या गटाचा अर्धा तास जातो. मग फोन, मग तक्रार, मग समितीच्या बैठकीत विषय क्रमांक तीन. याशिवाय सदस्यांची वर्गणी, स्पर्धा, प्रायोजक, स्वयंपाकघर, खेळाडूंच्या पिशव्या उचलणारे कॅडी, यंत्रांचं डिझेल. या सगळ्याला मिळून ‘गोल्फ ऑपरेशन्स’ म्हणतात.

म्हणजे तुम्ही प्रोफेशनल गोल्फर आहात का?

नाही. बक्षिसासाठी टूरवर, म्हणजे गावोगावच्या स्पर्धांच्या मालिकेत, खेळतो तो टूरचा प्रोफेशनल. शिकवतो तो टीचिंग प्रोफेशनल. त्याचं प्रशिक्षण इंडियन गोल्फ युनियनची नॅशनल गोल्फ अकॅडमी देते. मैदान किंवा स्पर्धा किंवा संघटना चालवतो तो कार्यकारी अधिकारी. तिसऱ्या प्रकारातले लोक टीव्हीवर दिसतात ते फक्त बक्षीस द्यायला, तेही कोपऱ्यात.

शेतकऱ्याच्या पोराचं तिथे काय काम?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त आवडतो, कारण मी स्वतः पाच-सहा वर्षं याचं उत्तर चुकीचं देत होतो. मला वाटायचं, माझं गाव लपवलेलं बरं.

कपाशीत हराळी शिरली की काय होतं ते आपल्याकडे सांगायला नको. खुरपा, वखरा, उन्हात तापू द्या, एक कांडी राहिली तरी पहिल्या पावसाला परत उभी. माझ्या आजोबांनी तिला दिलेल्या शिव्या इथे लिहिता येणार नाहीत. गणपतीला वाहतो ती दूर्वाही हीच. शास्त्रीय नाव सायनोडॉन डॅक्टिलॉन. बाहेर हिला बर्म्युडा ग्रास म्हणतात आणि उष्ण प्रदेशातली कितीतरी गोल्फ मैदानं हिच्यावर उभी आहेत. ग्रीनवर तिचे संकरित वाण लावतात. टिफड्वार्फ वगैरे नावांतलं ‘टिफ’ हे अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या टिफ्टन गावचं, तिथल्या संशोधन केंद्रात ते तयार झाले. या वाणांना उगवणारं बी येत नाही, उसासारख्या कांड्याच लावाव्या लागतात. मग ते तीन-चार मिलिमीटरवर रोज कापायचं. आणि गंमत अशी की त्या उंची वाणात आपली गावठी हराळी शिरली की आम्ही गुडघ्यांवर बसून सुरीने ती एकेक कांडी काढतो. आजोबांनी हे पाहिलं असतं तर डोक्याला हात लावला असता.

मुळं खाणाऱ्या हुमणी अळीचं तेच. एका क्लबात ऑगस्टमध्ये दोन ग्रीन पिवळी पडू लागली. सल्लागाराने बुरशी ठरवली, तीन फवारण्या झाल्या, डाग वाढतच गेले. पहाटे कावळे आणि साळुंक्या तिथेच टोचताना दिसल्या तेव्हा मला आमच्या भुईमुगाचं शेत आठवलं. गवताला हात घातला तर सतरंजीसारखं उचललं गेलं, खाली मुळंच नव्हती, आणि इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या पांढऱ्या अळ्या. मला फार हुशारीचं श्रेय नको. आमच्या गल्लीतल्या कुठल्याही पोराने ते ओळखलं असतं. पुढच्या वर्षी पहिल्या वळवाच्या पावसानंतर संध्याकाळी मैदानावरच्या कडुलिंबांवर आणि बाभळींवर हुमणीचे भुंगेरे जमले, तेव्हा आम्ही फांद्या हलवून ते पाडले आणि रॉकेल टाकलेल्या पाण्यात बुडवले. प्रकाश सापळेही लावले. पावसाळा संपेपर्यंत दोन्ही ग्रीन शाबूत होती.

आणि पाणी. अठरा होलच्या मैदानाला शंभरावर एकर जमीन लागते आणि उन्हाळ्यात रोज काही लाख लिटर पाणी. म्हणून शहाणे क्लब सांडपाणी शुद्ध करून वापरतात. आता मला सांगा, ज्या जिल्ह्यात जैन इरिगेशनसारखी कंपनी उभी राहिली तिथल्या पोराला लॅटरल, फिल्टर, व्हॉल्व्ह, प्रेशर हे शब्द शिकवावे लागतात का? मे महिन्यात पारा चव्वेचाळीसवर गेलेला असताना पाणी कधी द्यायचं आणि कधी हात आखडता घ्यायचा, हे ज्याने केळीवर शिकलंय त्याला मुलाखतीत घाबरायचं कारण नाही. मी घाबरलो होतो, ती चूक.

शिक्षण काय लागतं?

एकच एक पदवी नाही, आणि हेच या क्षेत्राचं सुख आणि दुःख. तीन दारं आहेत.

मातीचं दार: बीएस्सी कृषी. धुळ्याचं कृषी महाविद्यालय राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं आहे, तिथून निघालेल्या पोराने गवताचा अभ्यास जोडला तर तो मैदान अधीक्षक होऊ शकतो. माझ्या मते सगळ्यात पक्कं दार हेच, आणि इकडे गर्दीही कमी. पाहुणचाराचं दार: हॉटेल मॅनेजमेंट. क्लब म्हणजे शेवटी रोज तीनशे माणसांना नाष्टा देणारी जागा. तिसरं स्पोर्ट्स मॅनेजमेंट. पुण्यात सिम्बायोसिसमध्ये हा अभ्यासक्रम आहे, मुंबईतही संस्था आहेत. फी बघून घ्या. फी आणि पहिला पगार यांचं जमत नाही, हे प्रवेशाच्या वेळी कोणी सांगत नाही.

मी यातल्या एकाही दारातून आलो नाही. मी बीकॉम. क्लबात हिशेबनीस म्हणून लागलो आणि कोणालाच यायचं नसलेल्या पहाटेच्या पाळीला हो म्हणालो.

पदवी कुठलीही असो, एक गोष्ट मात्र करा. गोल्फचे नियम स्कॉटलंडमधली आर अँड ए आणि अमेरिकेतली यूएसजीए या दोन संस्था मिळून ठरवतात. आर अँड ए नियमांच्या परीक्षा पातळ्यांनी घेते, पहिली पातळी घरबसल्या इंटरनेटवर देता येते. यावलच्या घरात बसूनही. अर्जावर तेवढी एक ओळ असली की समोरचा माणूस पुढचा कागद वाचतो.

गोल्फ खेळता यायला हवा?

यायला हवा, पण चांगला नसला तरी चालतो. सदस्य ‘सातव्या होलवर वाळूचा खड्डा अन्यायाचा आहे’ म्हणतो तेव्हा तुम्ही स्वतः त्या खड्ड्यात चार फटके वाया घालवलेले असले पाहिजेत. बहुतेक क्लब कर्मचाऱ्यांना आठवड्यातून एखाद्या दुपारी खेळू देतात. माझा हँडिकॅप, म्हणजे खेळात किती कच्चा ते सांगणारा आकडा, विचारू नका.

या रस्त्याने सगळ्यात वर कोण गेलं?

डीन बेमन. गोल्फमधला कार्यकारी अधिकारी कसा असतो ते समजून घ्यायचं तर मी पहिल्यांदा याच माणसाचं नाव घेतो.

बेमन स्वतः खेळाडू. हौशी खेळाडूंच्या स्पर्धांत 1959 मध्ये ब्रिटिश अमॅच्युअर, 1960 आणि 1963 मध्ये यूएस अमॅच्युअर जिंकला. पोटापाण्याला विमा विकायचा. नंतर व्यावसायिक झाला, पीजीए टूरवर, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिकांच्या स्पर्धांच्या मालिकेत, चार स्पर्धा जिंकल्या. 1974 मध्ये, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, तो टूरचा कमिशनर, म्हणजे प्रमुख, झाला आणि वीस वर्षं राहिला. त्याने पाहिलं की टूर दर आठवड्याला दुसऱ्याच्या मैदानावर पाहुणी असते, स्वतःचं घरच नाही. फ्लोरिडात 415 एकर दलदल त्याने एका डॉलरला मिळवली. जमीनमालकाचा हिशेब असा की मैदान झालं की आजूबाजूच्या जमिनीला भाव येईल. आपल्याकडे बायपास होणार म्हटल्यावर जे गणित मांडतात तेच. तिथे पीट डाय याने टीपीसी सॉग्रास मैदान रचलं. काठाला मुद्दाम मातीचे उंचवटे घातले, म्हणजे प्रेक्षकांना बसून खेळ दिसेल. सतराव्या होलजवळची वाळू चांगली निघाली म्हणून ती खणत खणत सगळ्या मैदानावर नेली, आणि शेवटी तिथे नुसता खड्डा उरला. पीटची बायको अॅलिस, स्वतः उत्तम खेळाडू, म्हणाली, पाणी भरा आणि मध्ये बेट ठेवा. आज गोल्फमधलं सगळ्यात ओळखीचं चित्र ते बेट आहे.

1982 मध्ये तिथे पहिल्यांदा टूरची प्लेअर्स चॅम्पियनशिप ही स्पर्धा झाली. मैदान इतकं अवघड की खेळाडू चिडलेले. जिंकला जेरी पेट. त्याने अठराव्या होलशेजारच्या तळ्यात आधी कमिशनर बेमनला ढकललं, मग पीट डायला, आणि मग स्वतः सूर मारला. अधिकाऱ्याच्या नोकरीचं याहून नेमकं चित्र मी पाहिलेलं नाही.

त्याच्यानंतर 1994 मध्ये आलेला टिम फिंचम वकील होता. 2017 पासूनचा जे मोनाहन प्रायोजकत्व आणि स्पर्धा-व्यवस्थापनातून आलेला. त्याच्या काळात 12 मार्च 2020 ला पहिली फेरी झाल्यावर करोनामुळे प्लेअर्स स्पर्धाच गुंडाळावी लागली, आणि 6 जून 2023 ला टूरच्या प्रतिस्पर्धी लीगमागे असलेल्या सौदी गुंतवणूक निधीशी कराराची घोषणा झाली तेव्हा कित्येक खेळाडूंना ती बातमीतून कळली. मला विचाराल तर व्यवहार चूक की बरोबर हा प्रश्न नंतरचा. आपल्याच माणसांना बाहेरून कळू देणं ही चूक पंचवीस माळ्यांच्या क्लबातही महागात पडते. 2025 मध्ये टूरने ब्रायन रोलॅपला सीईओ केलं, तो अमेरिकन फुटबॉलमधून आला.

माइक व्हॉनचंही नाव लक्षात ठेवा. साबण-टूथपेस्ट विकणाऱ्या कंपनीत सुरुवात, मग गोल्फ साहित्याच्या कंपन्या, 2010 मध्ये महिलांच्या एलपीजीए टूरचा कमिशनर. 2011 मध्ये टूरवर 23 स्पर्धा उरल्या होत्या, काही वर्षांत त्या तिसावर गेल्या. 2021 पासून तो यूएसजीए सांभाळतोय. फटका मारण्यापेक्षा प्रायोजकाचं म्हणणं ऐकून घेणं त्याला जास्त चांगलं जमतं.

आणि भारतात?

भारतात खेळ जुना आहे. कोलकात्याचा रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब 1829 चा, ब्रिटिश बेटांबाहेरचा सगळ्यात जुना. इंडियन गोल्फ युनियन 1955 ची, इंडियन ओपन 1964 पासून. व्यावसायिकांच्या स्पर्धा चालवणारी पीजीटीआय ही संस्था 2006 मध्ये सुरू झाली. तिचे सीईओ उत्तम सिंग मुंडी आणि त्यांच्यानंतरचे अमनदीप जोहल दोघेही स्वतः व्यावसायिक खेळाडू. अध्यक्षपदी 2024 मध्ये कपिल देव आले. ऋषी नारायण 1982 च्या दिल्ली एशियाडमध्ये सुवर्ण जिंकणाऱ्या संघात होते, पुढे त्यांनी गोल्फ व्यवस्थापनाचीच कंपनी काढली.

क्लबांत मात्र सचिवाच्या खुर्चीवर बरेचदा निवृत्त फौजी अधिकारी दिसतील. मला आधी याचा राग यायचा. मग एका निवृत्त कर्नलसाहेबांच्या हाताखाली दोन वर्षं काढली आणि पावसाळ्याआधी चर काढून घेण्याची तारीख कधीच चुकवायची नसते हे शिकलो.

पगार?

मला 2009 मध्ये 9,000 रुपये आणि सकाळचा नाष्टा मिळायचा. आता घराचा हप्ता जाऊन पुरतं. सुरुवातीला बँकेतला कारकून तुमच्यापेक्षा सुखी असतो. दहा-बारा वर्षांनी मोठ्या शहरातल्या क्लबात चित्र बदलतं, आखाती देशांत गेलात तर आधीच. मामांना नेमका आकडा सांगितला नव्हता, तुम्हालाही सांगत नाही.

कॅडी लोकांचं काय होतं?

पिशवी उचलणारा म्हणून त्यांच्याकडे बघू नका. मैदानाचा खरा नकाशा त्यांच्या डोक्यात असतो. अली शेर दिल्लीत कॅडीच होता. 1991 मध्ये त्याने इंडियन ओपन जिंकली, 1993 मध्ये परत. पण एका अली शेरमागे हजार कॅडी आहेत ज्यांना पाऊस पडला की त्या दिवसाची मजुरी नाही. पहिल्या क्लबात मी कॅडींसाठी पत्र्याची शेड आणि पिण्याच्या पाण्याचा नळ मागितला होता. समितीने ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हटलं. पुढच्या वर्षी समिती बदलली, नव्या समितीनेही तेच म्हटलं. नळ चौथ्या वर्षी आला. शेड मी असेपर्यंत तरी आली नाही.

सगळ्यात मोठा त्रास कोणता?

वर लिहिलंच की, समिती. सदस्यांचा क्लब म्हणजे तुमचे आठशे मालक, आणि त्यांनी निवडून दिलेली माणसं थोड्या वर्षांत बदलतात. एका कॅप्टनने लावलेली झाडं दुसरा तोडायला सांगतो. झाड दोघांचंही ऐकत नाही, आणि मधे तुम्ही. सोसायटीची, दूध संघाची किंवा ग्रामपंचायतीची बैठक लहानपणी खिडकीतून पाहिली असेल तर हे राजकारण नवीन वाटणार नाही. फक्त इथे इंग्रजीत होतं.

इंग्रजीबद्दलही सांगतो. बोलता आलं पाहिजे, पण अडखळत आलं तरी चालतं. लिहिता नीट आलं पाहिजे, कारण तक्रारीला उत्तर लेखी द्यावं लागतं.

मुलींना जमेल?

न जमायला काय झालं? अडचण खेळाची कधीच नव्हती, दाराची होती. अमेरिकेतल्या ऑगस्टा नॅशनलने पहिल्या महिला सदस्य घेतल्या 2012 मध्ये. सेंट अँड्र्यूजच्या रॉयल अँड एन्शंट क्लबने 2014 मध्ये मतदान घेऊन दार उघडलं. 2018 मध्ये सुझी व्हेली अमेरिकन पीजीएची, म्हणजे तिथल्या गोल्फ व्यावसायिकांच्या संघटनेची, पहिली महिला अध्यक्ष झाली. आपल्या अदिती अशोकचा टोकियो ऑलिम्पिकमधला चौथा क्रमांक पाहिल्यापासून क्लबात मुलींना घेऊन येणारे बाप मला जास्त दिसू लागलेत. पहाटे साडेचारला कामावर पोचायची सोय कशी करायची, हा मात्र खरा प्रश्न आहे आणि तो नोकरी देणाऱ्याने सोडवायचा असतो.

आपल्या खान्देशात गोल्फ मैदान झालं तर?

नाशिकला ‘गोल्फ क्लब’ विचारलं तर रिक्षावाला तुम्हाला हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर सोडेल. तिथे लोक सकाळी फिरतात आणि रणजीचे सामने होतात. गोल्फ नावापुरता राहिला. मला त्यात वाईट काही वाटत नाही.

आपल्याकडे अठरा होलचं मैदान व्हावं असं मला अजिबात वाटत नाही. पारोळा-अमळनेर पट्ट्यात उन्हाळ्यात टँकर फिरत असताना गवताला लाखो लिटर पाणी द्यायचं कोणत्या तोंडाने? झालंच तर शहराच्या शुद्ध केलेल्या सांडपाण्यावर, लहानशी सरावाची जागा. खारघरला सिडकोने केलं तसं सगळ्यांसाठी खुलं. पोरांना काठी हातात धरायला मिळेल एवढं पुरे.

बायोडेटात काय लिहायचं?

नोकरीच्या बायोडेटात खरं ते लिहा. लग्नाच्या बायोडेटाचा अनुभव सांगतो. आईने माझ्या बायोडेटात मोठ्या अभिमानाने लिहिलं होतं, ‘पुण्यात क्लबमध्ये मॅनेजर’. पाचोऱ्याहून मुलीच्या काकांचा फोन आला. आधी शेती किती, मग घर कुणाच्या नावावर, आणि मग आवाज खाली आणून, ‘पावणं, ते क्लबावर धाड वगैरे पडत नाही ना?’ आपल्याकडे क्लब म्हणजे पत्त्यांचा, हे आईच्या लक्षातच आलं नव्हतं. तिने ‘क्लब’ खोडून ‘मैदान’ लिहिलं. मग पुढच्या स्थळाकडून विचारणा आली, मुलगा पोलीस भरतीचं मैदान घेतो की फौजेच्या भरतीचं?